वाचकांचे प्रश्न : पाण्याने भरलेली माती आणि इमारतीचा पाया

प्रश्न : आमची सोसायटी खाडीजवळ भरावावर होतेय. ठेकेदार म्हणतो पाणी काही दाबलं जात नाही, म्हणून पाण्याने भरलेली माती पक्की, बिल्डिंग बसणार नाही. पण शेजारच्या बिल्डिंगला सात-आठ वर्षांनी तिरपे तडे गेलेत. खरं काय समजायचं? – एक वाचक, ऐरोली

उत्तर : पाणी दाबलं जात नाही हे बरोबर, पण ते तिथून निघून जातं ना! चिकणमातीवर भार आला की सुरुवातीला जवळजवळ सगळा भार कणांमधलं पाणीच उचलतं, मग ते हळूहळू बाहेर सरकतं तसा भार कणांवर येतो, कण जवळ येतात आणि माती बसते, सोबत बिल्डिंगही. श्रीखंडाच्या चक्क्यावर वजन ठेवल्यासारखंच हे. वाळूत हा प्रकार बांधकाम चालू असतानाच उरकतो, चिकणमातीत मात्र वर्षं जातात, आणि थर दुप्पट जाड असेल तर वेळ चौपट लागतो. हे गणित मातीचा अभ्यास करणारे इंजिनिअर कार्ल टेर्झागींनी १९२० च्या दशकात मांडलं.

बिल्डिंग कोसळण्याचा खरा धोका मात्र सुरुवातीलाच असतो, कारण पाणी निघाल्याशिवाय मातीची ताकद वाढत नाही. कॅनडात विनिपेगजवळ ट्रान्सकोनाला १९१३ मध्ये नवं धान्याचं कोठार भराभर भरलं आणि खालची मऊ चिकणमाती सरकून ते अख्खं कोठार एका दिवसात जवळपास २७ अंश कललं. उलट पिसाचा मनोरा बघा, ११७३ ला सुरू झालेलं काम काही मजल्यांवर थांबलं ते जवळपास शंभर वर्षं, तेवढ्यात खालची माती घट्ट झाली. सलग बांधला असता तर तेव्हाच पडला असता असं तज्ज्ञ मानतात.

तुमच्याकडे तर भराव हेच मोठं ओझं आहे, बिल्डिंग नसली तरी त्याच्याखालची खाडीची चिकणमाती बसतच राहते आणि बसताना पाइललाही, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल नेलेल्या खांबांनाही, खाली ओढते. म्हणून ठेकेदाराला सरळ विचारा, कन्सॉलिडेशन टेस्ट, म्हणजे भाराखाली माती किती आणि किती वेळात बसेल याची चाचणी, केली का, मऊ थर किती मीटर आहे, पाइल खडकापर्यंत नेलेत का, आणि ही खालची ओढ हिशोबात धरली का. सॉईल रिपोर्ट मागून घ्या, तोंडी उत्तरावर अजिबात थांबू नका.

शेजाऱ्यांचे तिरपे तडे बहुतेक एक बाजू जास्त बसल्याचे असावेत. त्यांना सांगा, तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने पक्की बसवून तारीख लिहून ठेवा. काच तडकली तर बिल्डिंग अजून हलतेय, लगेच स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, नुसती पुट्टी भरून रंग मारू नका.