आधी पाकिटावर लिही

प्रिय पोरा,

रविवारी आजोबांचा जुन्या नाण्यांचा डबा उघडलास आणि पहिलाच प्रश्न, "काका, यातली व्हीएफ कुठली?" व्हीएफ म्हणजे कमी झिजलेलं, यूएनसी म्हणजे वापरातच न आलेलं. झालं. हे शब्द चार महिन्यांनी शिकलास तरी चालेल. डबा मात्र याच आठवड्यात कागदावर यायला हवा.

एक शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं, हातात घे. तीन ओळींत 'श्री राजा शिव', ती दर्शनी बाजू. मागे 'छत्र पति'. मध्ये दोन आडव्या रेघा असल्या तर दुदांडी, ती बहुधा पेशवाईतली. खालचा 'शिव' अर्धाच दिसतो ना? तो झिजलेला नाही. साचा मोठा, तांब्याची चकती लहान, म्हणून अक्षरं काठाबाहेर गेली. व्यापारी खराब म्हणेल, म्हणू दे.

आता साल शोध. नाही. टांकसाळीचं नाव? तेही नाही. 1674 च्या राज्याभिषेकापासून थेट 1818 पर्यंत, महाराजांच्या माघारीही, त्याच नावाने शिवराया पाडल्या जात होत्या. मग तुझी कुठली, हे ठरवायचं कशावरून? अक्षरांचं वळण, वजन आणि ती कुठून आली ते. पहिली दोन नाण्यातच आहेत, कधीही तपास. तिसरं फक्त तुझ्या आजीला ठाऊक आहे, आणि आजी 82 वर्षांची आहे.

म्हणून लिही. कागदी पाकिटावर, शिसपेन्सिलीने: कुठून, कुणाकडून, वजन किती. वजन सोनाराच्या काट्यावर, स्वयंपाकघरातल्या नव्हे. मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नकोस, तांब्यावर हिरवा चिकटा धरतो.

तुझ्या वयात मी तीन घरांतून आणलेल्या सत्तावीस शिवराया एका अल्बममध्ये लावल्या, मोठी-लहान अशा, छान दिसतात म्हणून. चिंचेने घासूनही काढल्या. तांब्याचा तपकिरी थर गेला, पण त्याचं दुःख कमी. कुठली कुठल्या घरची, ते गेलं. त्यातली एक आईच्या माहेरची आहे. कुठली?

घरचे म्हणतात, याच्याकडे नाण्यांपेक्षा चिठ्ठ्या जास्त. असू देत. एकाने मी नंतर चिठ्ठ्यांसकट जमवलेली नाणी चांगल्या भावाने मागितली, "पाकिटं नकोत" म्हणाला. दिली नाहीत. हट्टी म्हण हवं तर. त्याला नाणी द्यायची आणि चिठ्ठ्या मी काय करायच्या?

किंमत मला विचारू नकोस. आजीला फोन कर, चारनंतर, ती झोपून उठली की. आणि ती बोलत असताना पेन्सिल हातात असू दे.

तुझा,
काका