आधी सांग, ती फाईल आली कुठून?

प्रिय पोरी,

सबमिशन तोंडावर, सिनियरच्या पेनड्राइव्हमध्ये मॅटलॅब हे आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर, तेही क्रॅक केलेलं, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेलं, आणि ‘सगळेच वापरतात’. टाकू की नको, एवढंच तू विचारलंस. चूक-बरोबर तुला कळतं, चोरीचं सॉफ्टवेअर जाणूनबुजून वापरणं गुन्हा ठरवणाऱ्या कॉपीराइट कायद्याच्या ६३बी कलमाची भीतीही मी घालणार नाही. मला एकच सांग : ती फाईल आली कुठून? सिनियरकडून. आणि त्याच्याकडे? बघ, अडलीस.

सोबतच्या सूचना वाच. अँटिव्हायरस बंद करा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा. पासवर्ड चोरणारे प्रोग्रॅम असेच शिरतात. ब्राउझरमधल्या, तुझं लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या कुकीज चोरीला गेल्या की ओटीपीशिवायही तुझा ईमेल उघडू शकतो. नंतर क्रॅक काढून भागत नाही. अँटिव्हायरसमध्ये त्या फोल्डरला दिलेली सूट तशीच राहते. एव्हाना टाकलं असशील, तर आधी दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून पासवर्ड बदल, सगळीकडून साइन आउट हो, मग लॅपटॉप फॉरमॅट कर. त्याच लॅपटॉपवरून बदललास तर नवा पासवर्डही गेलाच म्हणून समज.

कॉलेजकडे कॅम्पस परवाना आहे का, ते लॅबमध्ये विचार. विचारायला लाजू नकोस गं.

नसेल तर ऑक्टेव्ह घे, मॅटलॅबसारखंच चालणारं मुक्त सॉफ्टवेअर. तुझ्या एम-फाईली, म्हणजे मॅटलॅबमध्ये लिहिलेला कोड, बहुतेक जशाच्या तशा चालतील. ट्रान्सफर फंक्शन मांडणाऱ्या ‘टीएफ’ला ‘अनडिफाइन्ड’ आलं तर लगेच ‘फुकटचं ते असंच’ म्हणू नकोस. कंट्रोल पॅकेज लोड करायचं राहिलंय, ते दर वेळी ऑक्टेव्ह उघडल्यावर करावं लागतं. कॉमेंट # ने नको, % ने लिही. ‘एंडइफ’ऐवजी नुसतं ‘एंड’. नाहीतर घरी चाललेला कोड लॅबच्या मॅटलॅबवर अडेल आणि बोल मला लावशील. ब्लॉक जोडून मॉडेल चालवायचं मॅटलॅबचं सिम्युलिंक मात्र ऑक्टेव्हमध्ये नाही. ब्लॉक डायग्रॅमसाठी सायलॅब या दुसऱ्या मुक्त सॉफ्टवेअरमधलं एक्सकॉस घे. जुनं मॉडेल तिथे नव्यानं मांडावं लागेल. कष्ट आहेत, नाही कशाला म्हणू? सर्किटसाठी आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आहे. तिथल्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी धडेही मिळतील.

आणि मुक्त सॉफ्टवेअर म्हणून डोळे मिटून घेऊ नकोस. जाहिरातीतल्या लिंकवरचं ऑक्टेव्हसुद्धा नको. कुठून आलं? मूळ साइटवरून. तिथे चेकसम, म्हणजे फाईल मूळचीच आहे का ते पडताळायचा कोड, दिला असेल तर तो जुळवून बघ.

हट्टी म्हणतात मला, म्हणोत. ‘प्लेसमेंटला मॅटलॅबच लागतं’ ऐकून कान किटलेत. ट्रान्सफर फंक्शन कळलं असेल तर मॅटलॅबचे मेनू आठवड्यात हाताखाली येतात.

आज इन्स्टॉल कर, पहिलं प्रॅक्टिकल चालव. अडलीस तर एरर पाठव. स्क्रीनचा फोटो नको. मजकूर कॉपी करून, वरच्या दोन ओळींसकट.