ठाण्यात उन्हाळ्यात गेम खेळताना माझं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड ८६ अंशांवर जातं. कार्ड बदलावं लागेल का?

नाही, बदलू नका. आधी कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तोच गेम अर्धा तास खेळून बघा. तापमान पाच-सात अंशांनी उतरलं तर कार्ड ठणठणीत आहे, आत हवा खेळत नाहीये एवढंच. बहुतेक वेळा पुढची जाळी बुजलेली असते किंवा मागे पंखाच नसतो. फरक पडला नाही तर कार्डाच्या हीटसिंकमधली (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांमधली) धूळ ब्लोअरने उडवा, पण मशीन बंद करून आणि पंख्याचं पातं बोटाने धरून. गरागरा फिरू दिलं तर बेअरिंग जातं. मी नौपाड्यात कॉम्प्युटर दुरुस्ती करतो; घोडबंदर रोडकडून येणाऱ्या मशीनमध्ये बांधकामाची बारीक धूळ अक्षरशः थापलेली असते. शिवाय मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल, म्हणजे सेकंदाला ६० चित्रंच दाखवत असेल, तर गेममध्येही फ्रेम (सेकंदाला तयार होणारी चित्रं) ६० वर बांधा. न दिसणाऱ्या फ्रेमसाठी कार्ड उगाच राबतं आणि तापतं. ८६ ला घाबरू नका, या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने त्याची कमाल मर्यादा ९३ दिली आहे आणि त्याआधीच ते स्वतःचा वेग कमी करतं. मात्र खोलीच ३५ अंशांवर असेल तर कितीही सफाई केली तरी एसीतल्या २५ अंशांच्या खोलीपेक्षा कार्ड साधारण दहा अंश गरमच राहणार. थर्मल पेस्ट (चिप आणि हीटसिंकमधला उष्णता वाहून नेणारा लेप) बदलायची घाई नको: वॉरंटी शिल्लक असेल तर कार्ड स्वतः उघडण्याआधी तिच्या अटी वाचा.