पहाटेचं चित्रण फिसकटलेलं का येतं?

प्रश्न: रोज पहाटे पाम बीच रस्त्यावर वाशी ते बेलापूर सायकल चालवतो. हँडलवर छोटा कॅमेरा लावलाय. स्टॅबिलायझेशन (हादरे सावरणारी सोय) चालू असूनही चित्र फिसकटलेलं येतं, ३२ जीबीचं कार्डही तासाभरात भरतं. काय करू? – एक वाचक, नेरूळ

उत्तर: दोष बहुधा उजेडाचा आहे. अंधारात ऑटोवरचा कॅमेरा शटर १/३० सेकंदापर्यंत उघडं ठेवतो. तेवढ्यात हादरा बसला की ती फ्रेमच पुसट होते. स्टॅबिलायझेशन फ्रेम जागेवर आणतं, पुसटपणा काढू शकत नाही. म्हणून शटर ऑटोवर न सोडता स्वतः १/१२० सेकंद किंवा त्याहून जलद ठेवा, आयएसओची (प्रकाशाच्या संवेदनशीलतेची) मर्यादा १६०० करा. चित्रात थोडे दाणे दिसतील, पण ते परवडतात. खरं तर उजाडल्यावर निघणं सर्वांत उत्तम.

मग माउंट. हँडलच्या टोकाकडे थरथर जास्त, म्हणून कॅमेरा स्टेमजवळ, म्हणजे हँडल मधोमध सायकलला जोडलेलं असतं तिथे घ्या. क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, आणि लांब दांडी अजिबात नको. छातीवरचा पट्टा याहून बरा, कारण बरेच हादरे शरीरच शोषून घेतं. कॅमेऱ्याला सुरक्षा दोरी मात्र बांधाच. रबरी स्पीडब्रेकरवर स्क्रू हळूहळू सैल होतात.

आता कार्ड. ४के (जास्त बारकाव्याचं) चित्रण ६० एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० मेगाबिट वेगाने केलं, तर तासाला सुमारे २७ जीबी लागतात. १०८०पी (साधं एचडी) पुरे, नाहीतर १२८ जीबीचं व्ही३० (सेकंदाला किमान ३० एमबी लिहू शकणारं) कार्ड घ्या.

पावसाळ्यात एसी खोलीतून थेट बाहेर पडलात तर काचेवर बाष्प धरतं. निघण्याआधी अर्धा तास कॅमेरा बंद पिशवीतच गॅलरीत ठेवा.