बाबूला डबेच का लागतात?

“घरात दोन टोपल्या भरून खेळणी आहेत मॅडम, तरी हा स्वयंपाकघरातले डबेच ओढून काढतो. खेळण्याशी दोन मिनिटं बसत नाही. माझ्या नणंदेची मुलगी ह्याच्याच वयाची, ठाण्याला असते. ती ए टू झेड म्हणते, रंग सांगते. हा मागे पडेल का?”

मालवणजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या आईचा हा प्रश्न. शब्द थोडे इकडेतिकडे, पण देवगडापासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या कितीतरी आया मला हेच विचारतात, हल्ली बाबाही विचारतात. म्हणून हा अनुभव लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला आपण बाबू म्हणू. वय सव्वादोन वर्षं. वडील गोव्यात हॉटेलात कामाला, सुट्टी मिळेल तेव्हा घरी. घरात आई, आजी आणि हा. खेळण्यांच्या टोपल्या भरल्या त्या गणपतीला आणि मे महिन्यात येणाऱ्या चाकरमान्यांनी. प्रत्येक काका, प्रत्येक आत्या येताना एक खोका घेऊन येते, आणि त्यातल्या बहुतेकांत बॅटरी असते.

तक्रार खेळाची असली तरी मी आधी वेगळ्याच गोष्टी बघते. मागून हाक मारली की मूल वळतं का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतं का? काही गंमत दिसली तर आईनेही ती बघावी म्हणून तिच्याकडे पाहतं का? “चप्पल आण” म्हटलं तर कळतं का? बाबू हे सगळं करत होता. खिडकीवर कावळा बसला तेव्हा बोट करून “आई, काव आला” म्हणाला. या वयाला दोन-तीन शब्द जोडून बोलणं आलं म्हणजे ती काळजी मिटली. ही तपासणी मी टाळत नाही, कारण “हाक मारली तरी बघत नाही, आपल्याच नादात असतो” या तक्रारीमागे कधीकधी कमी ऐकू येणं निघतं, आणि घरच्यांना ते हट्टीपण वाटत असतं.

माझ्या खोलीत खेळण्यांचं कपाट नाही. चटईवर एक स्टीलचा डबा, त्याचं झाकण, दुसऱ्याच एका डब्याचं मोठं झाकण, कपडे वाळत घालायचे रंगीत चिमटे आणि घासून गुळगुळीत केलेल्या दोन करवंट्या, एवढंच असतं. बाबूने आधी डबा उपडा करून बघितला. मग एकेक चिमटा आत टाकायला लागला. पहिला पडला तो खणकन वाजला. बाबू थांबला, आत डोकावला. पुढचे चिमटे चिमट्यांवर पडत गेले तसा आवाज बसका होत गेला. डबा भरल्यावर त्याने तो रिकामा केला आणि पुन्हा पहिला चिमटा टाकून कान दिला. खणकन! तो हसला. असं तीन-चारदा झालं. मग झाकणाकडे वळला. हाताला लागलं ते मोठं झाकण. ठेवलं, घसरलं. फिरवून ठेवलं, तरी घसरलं.

नेमकी तेव्हा आई म्हणाली, “बाबू, हा चिमटा कुठल्या कलरचा? मॅडमना सांग. येलो ना? येलो म्हण. किती आहेत? वन, टू…”

बाबूने झाकण सोडलं आणि टेबलाखाली जाऊन बसला.

“बघितलंत? असंच करतो. लक्षच नाही.”

लक्ष होतं. चांगलं सात-आठ मिनिटं एका डब्याशी होतं, आणि सव्वादोन वर्षांच्या मुलासाठी ते भरपूर आहे. ते मोडलं कारण खेळाच्या मध्येच तोंडी परीक्षा सुरू झाली. हे मी तिला स्पष्टच सांगितलं. आई वाईट हेतूने विचारत नव्हती. आपण काही शिकवलं नाही तर पोर मागे राहील, ही धास्ती तिला बोलायला लावत होती. पण आवाज का बदलला, हे शोधणाऱ्याला मध्येच पिवळा रंग विचारला तर त्याचं दोन्ही जातं. रंगांची नावं तीन-चार वर्षांपर्यंत सावकाश येतात, त्यांची घाई नको.

बाबू काय शिकत होता, हे तिला समजायला हवं होतं, म्हणून मोठं झाकण मी तिच्याच हातात दिलं. या झाकणाचं एक बरं आहे, ते खोटं बोलत नाही. चुकीचं असेल तर बसत नाही, बरोबर असेल तर टक्कन बसतं. कोणी “चूक” म्हणायची गरज पडत नाही. इटलीच्या बालशिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममधल्या कामगार वस्तीत बालगृह सुरू केलं. पुढे त्यांची जी साधनं जगभर गेली, त्यांतही हाच गुण होता. ठोकळा आपल्याच खाचेत बसतो, दुसऱ्या खाचेत नाही, आणि आपली चूक मुलाला आपसूक दिसते.

माँटेसरीचं नाव निघताच आईने फोन काढला. “मग हे किट मागवू का?” काही हजारांचं होतं. मी नको म्हटलं, आणि तिला बोर्डीची गोष्ट सांगितली. आपल्याच कोकणपट्टीच्या उत्तर टोकाला, डहाणूजवळच्या बोर्डी गावात 1945 साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गावातल्या मुलांसाठी बालवाडी चालवायला घेतली. महागडी साधनं गावाला परवडणारी नव्हती. मग शंख-शिंपले, पानं, दगडगोटे, बिया अशा आजूबाजूच्या वस्तूच साधनं झाल्या. पोरं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पनाही त्याच कामातली. अंगणवाडी हा शब्द आज गावोगाव रुळला आहे, पण किटच्या जाहिराती बघताना तो कोणाला आठवत नाही.

टोपल्यांचं काय करायचं? अमेरिकेत टोलेडो विद्यापीठात 18 ते 30 महिन्यांच्या 36 मुलांना एकदा 4 खेळणी देऊन बघितलं आणि एकदा 16. चारच असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ रमली आणि ते जास्त तऱ्हांनी खेळली. हा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. लहान अभ्यास आहे, पण मला घरोघरी जे दिसतं त्याच्याशी जुळतो. तेव्हा चार-पाच वस्तू बाहेर, बाकी टोपल्या माळ्यावर, आणि पंधरवड्याने अदलाबदल. बॅटरीवाल्या खेळण्यांबद्दल माझं मत कडक आहे. बटण दाबलं की तेच गातं, तेच नाचतं, पोर नुसतं प्रेक्षक. शिवाय ते बोलायला लागलं की घरची माणसं गप्प होतात. त्यांच्या बॅटऱ्यांचं झाकण स्क्रूने घट्ट बसलेलं आहे ना, तेही बघा. बटणासारखी चपटी बॅटरी गिळली तर काही तासांत अन्ननलिका भाजते. अशा वेळी वाट न बघता थेट दवाखाना गाठायचा.

पुढच्या खेपेला आजी सोबत आल्या, तावातावाने. “डबे वाजवून वाजवून डोक्या उठवता. आणि आमच्या येळार खेळणी खंय होती? वाढलीच मा पोरां?” मला अशा आज्या आवडतात. त्यांच्याच तोंडून बाकीचा कार्यक्रम ठरला. पोफळीच्या गळलेल्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्यावर, बसवून खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, ओढायचं. फणसाच्या पानाची टोपी, माडाच्या पातीची पिपाणी. करवंटीत ओली रेती दाबून उपडी करायची. गळून पडलेले छोटे नारळ पडवीतून खळ्यात आणि खळ्यातून पडवीत वाहून न्यायचे. या वयात इकडचं तिकडे नेणं हेच मोठं काम असतं. स्वयंपाकघरातलं खालचं एक फळकूट बाबूचं: दोन डबे, झाकणं, पळी, गाळणी. वाजवायची वेळ आजींची दुपारची झोप झाल्यावर.

फक्त तीन गोष्टींवर मी अडून बसले. आजी त्याला खेळायला कुळीथ आणि सुपाऱ्या द्यायच्या. ते बंद, कारण तीन वर्षांखालचं मूल तोंडात घालतं, आणि कुळीथ नाकातही जातो. मुलाच्या मुठीत पूर्ण मावते ती वस्तू द्यायची नाही, हा सोपा हिशेब. काजूच्या दिवसांत ओल्या बिया हातात द्यायच्या नाहीत, टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. आणि पाण्याचा खेळ कितीही आवडता असला तरी मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. बुडायला या वयाला अर्धी बादलीही पुरते.

आजींच्या कपाटात सावंतवाडीची लाकडी फळं होती, चितारआळीतून कधीतरी आणलेली. ती देऊ का, म्हणून विचारलं. दिसायला देखणी, हातात धरायला वजनदार, जरूर द्यावीत. पण जुना रंग पोपडे धरत असेल तर ती कपाटातच बरी, कारण हा अजून चावतो. नवी घेताना कारागिराला रंग कुठला ते विचारावं. खेळण्यांवर आयएसआय चिन्ह 1 जानेवारी 2021 पासून सक्तीचं आहे, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट आहे, त्यामुळे विचारणं आपल्याकडे येतं.

आईला दिलेलं काम सगळ्यात अवघड होतं. रोज दहा-पंधरा मिनिटं फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बाबूजवळ बसायचं आणि एकही प्रश्न विचारायचा नाही. “मग बोलू काय?” तिला खरंच कळेना. तो करतो तेच बोलायचं: “टाकलास. अजून एक. अरे, झाकण घसरलं!” आणि मग थांबायचं. त्याने वळून बघितलं, काही दाखवलं, तर त्याचं उत्तर द्यायचं. मालवणीत बोललात तरी चालेल, उलट घरात जी भाषा मोकळेपणाने येते तीच बोला, ‘येलो’ नंतर येईल. पहिल्या आठवड्यात तिची जीभ चावून चावून दुखली, असं तीच हसत म्हणाली.

जेवताना फोन लागायचा, तो सुटायला वेळ लागला. दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर पडदा नको, कमी तितका चांगला, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली सांगितलं. घरात हे पाळताना आधी रडारड होते. चार-पाच दिवस बाबूने ताट लोटलं. मग आजींनी त्याला मासे साफ करताना समोर, विळीपासून लांब बसवायला सुरुवात केली. बांगडा कुठला, तारली कुठली, हे तो आता दाखवतो. जेवताना अजून सांडतो.

महिन्याभराने आई त्याला घेऊन आली तेव्हा बाबूने तेच झाकण उचललं, डब्यावर धरलं, बाजूला टाकलं आणि न सांगता दुसरं घेतलं. टक्कन बसल्यावर ओरडला, “बसला!” आईने माझ्याकडे बघितलं, पण तोंड मिटून ठेवलं. रंग अजून सांगत नाही. नणंदेचे व्हिडिओ येतच असतात, आणि ते बघून आईचा चेहरा अजून उतरतो. ते एका महिन्यात जाणारं नाही.

निघताना तिचा नवा प्रश्न होता: येत्या जूनला तालुक्याच्या गावी प्लेग्रुपला घालू का, तिथे अक्षरं गिरवून घेतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मधला पायाभूत टप्पाही तीन वर्षांपासून सुरू होतो, आणि त्यातही भर खेळावरच आहे, तेव्हा घाई कशाला? घालायचंच असेल तर मुलं आत असताना जाऊन बघून या. बाई खाली बसतात का, मुलांना मातीत हात घालू देतात का, आणि वर्गात आवाज कोणाचा जास्त येतो, मुलांचा की बाईंचा. गिरवायच्या वह्यांचा गठ्ठा आधी दाखवला तर वर्षभर थांबा. गावातली अंगणवाडी तोवर आहेच, तिथेही एकदा डोकावा.