फेब्रुवारीत मॉरिशस आणि रियुनियनला जावं का? चक्रीवादळाची कितपत भीती?

तुम्ही विचारलंय की फेब्रुवारीत दहा दिवस, दोन मुलं आणि सासू-सासऱ्यांना घेऊन आधी मॉरिशस आणि मग रियुनियन असा बेत आहे, पण तो चक्रीवादळांचा हंगाम आहे असं कळलं. हॉटेलवाले म्हणतात, इमारत पक्की आहे, काळजी नको. तर जावं की रद्द करावं?

जा. पण हॉटेलच्या भिंतींवर विसंबून बेत आखू नका. मी पाच वर्षं मॉरिशसला राहिले, घर वाकोआला आणि नोकरी पोर्ट लुईसला. तिथे वाऱ्यापेक्षा पाण्याची धास्ती जास्त घ्यायची असते, हे मला शेजारच्या आजींनी शिकवलं. आजींचं घराणं मूळचं कोकणातलं. पणजोबा ऊसमळ्यात मजुरीसाठी गेलेले. त्यांचं मराठी आपल्या पणजीच्या काळातलं, आणि मध्येच क्रिओल, म्हणजे तिथली बोली. १९६० सालचं ‘कॅरोल’ वादळ त्यांनी लहानपणी पाहिलेलं. तेव्हा वाऱ्याचा झोत ताशी २५६ किलोमीटरपर्यंत गेला होता. पत्र्याची आणि लाकडी घरं पाचोळ्यासारखी उडाली. त्यानंतर बेटानं सिमेंटची, सपाट गच्चीची घरं बांधली. म्हणून आज वादळ आलं की लोक खिडक्या लावून, पाणी भरून, बॅटऱ्या जवळ ठेवून घरात शांत बसतात. तुमच्या हॉटेलवाल्यांचं म्हणणं त्या अर्थानं खरंच आहे.

पण त्याच सिमेंटनं पाणी मुरायची जागा कमी केली. आणि या बेटांवर डोंगर समुद्राच्या अगदी पाठीशी उभे आहेत. पोर्ट लुईसचं बंदर बघा, मागे ल पूसचा ८१२ मीटरचा सुळका, शेजारी पीटर बोथ. डोंगरावर पडलेलं पाणी शहरात यायला वेळच लागत नाही. नद्या म्हणजे आपल्या कोकणातल्या ओढ्यांसारख्या, आखूड आणि तीव्र उताराच्या. कृष्णा-गोदावरीला पूर यायचा तर वरच्या धरणातून किती सोडलं, कुठल्या घाटाला किती चढलं हे मोजत बसायला वेळ मिळतो. इथे तो मिळत नाही.

३० मार्च २०१३ ची गोष्ट तिथला प्रत्येक माणूस सांगतो. ईस्टरच्या आदल्या दिवशीचा शनिवार, कुठलंही चक्रीवादळ नाही. दुपारी पोर्ट लुईसवर ढग बसला आणि दोन तासांच्या आत दीडशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. डोंगरातून येणारा कालवा ओसंडून वाहिला आणि पाणी शहराच्या सखल भागात शिरलं. ११ माणसं गेली. त्यातली बरीचशी बंदराकडच्या कोडाँ भागाजवळच्या पादचाऱ्यांच्या भुयारी मार्गात आणि एका इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये अडकली होती. मी रोज त्या बाजूनं जायचे. आभाळ भरलेलं असलं की भुयारात पाय टाकवत नसे. वरून मोटारींमधून वाट काढत रस्ता ओलांडायचे.

एक तांत्रिक गोष्ट नीट समजून घ्या, कारण परदेशी पाहुणे हमखास इथे फसतात. मी होते तेव्हा मॉरिशसमधले चक्रीवादळाचे इशारे एक ते चार अशा श्रेणींत असायचे आणि ते सगळे वाऱ्यावर बेतलेले. ताशी १२० किलोमीटरचे झोत यायला किती अवधी उरलाय, यावरून श्रेणी ठरायची. पावसाचा इशारा वेगळा. त्यामुळे ‘अजून एक नंबरच आहे ना’ म्हणून बाहेर पडलेला माणूस वाऱ्यापासून सुरक्षित असायचा, पाण्यापासून नाही. १५ जानेवारी २०२४ ला, सोमवारी, ‘बेलाल’ वादळ आलं तेव्हा लोक कामावर गेलेले होते. पोर्ट लुईसच्या रस्त्यांवरून मोटारी होडीसारख्या वाहत गेल्या. माझ्या जुन्या सहकाऱ्यांनी पाठवलेले व्हिडिओ बघताना मी रस्ता अन् रस्ता ओळखत होते आणि जीव नुसता वर-खाली होत होता. म्हणून तुम्ही श्रेणी विचाराच, पण जोडीला ‘मुसळधार पावसाचा इशारा आहे का’ हेही रोज सकाळी विचारा.

आता रियुनियन. तिथे मला जास्त काळजी वाटते, आणि ते बेट मला जास्त आवडतंही. जेमतेम ७० किलोमीटर लांबीचं बेट आणि मधोमध ३,०७१ मीटर उंचीचा पितोन दे नेज. वाफेनं भरलेला वारा समुद्रावरून येतो, त्या भिंतीवर आपटून वर चढतो, थंड होतो आणि सगळं पाणी तिथेच ओततो. आपला घाटमाथा जे करतो तेच, पण दुप्पट उंचीचा सह्याद्री एका छोट्या बेटावर उभा करून. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा काय झालं, ते आपल्या मनात कायमचं कोरलं गेलंय. रियुनियनवर जानेवारी १९६६ मध्ये ‘डेनीस’ वादळात फोक-फोक इथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पडला. फेब्रुवारी २००७ मध्ये ‘गामेद’च्या वेळी कोमेर्सों विवरापाशी तीन दिवसांत ३,९२९ मिलिमीटर. हे दोन्ही जागतिक विक्रम आहेत. आणि ‘गामेद’ बेटावर चढलंच नव्हतं, ते दूर समुद्रातून गेलं. तरी सेंत-एतियेन नदीवरचा पूल वाहून गेला. १९८० च्या ‘हायसिंथ’चीही तीच तऱ्हा. ते बेटाभोवती घिरट्या घालत राहिलं आणि १५ दिवसांत कोमेर्सोंला ६,०८३ मिलिमीटर पाऊस झाला. तेव्हा मोबाईलवर वादळाचा मार्ग बघून ‘आपल्याला चुकवून चाललंय’ असं वाटलं, तरी त्या दिवशी डोंगरात जाऊ नका.

तिथल्या घळींना राविन म्हणतात. पश्चिमेकडच्या बऱ्याचशा वर्षभर कोरड्या ठणठणीत असतात. नुसते दगडधोंडे. त्यांवर जिथे रस्ता जातो तिथे अनेक ठिकाणी पूल नाही, आपल्याकडच्या फरशी पुलासारखं सिमेंटचं तळ असतं, त्याला ‘रादिये’ म्हणतात. किनाऱ्यावर ऊन असतं आणि वर ढगात पाऊस सुरू असतो, तो खाली दिसत नाही. पाणी आलं की लोंढ्यानं येतं, सोबत दगड आणि ओंडके घेऊन. फरशीवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालायची नाही, घोटाभर असलं तरी. फूटभर वाहत्या पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते, आणि एका कडेला सरळ घळ असते. जावयानं गाडी काढली की सासरे ‘जाईल रे, काही होत नाही’ म्हणतात, हे मला माहीत आहे. त्यांना आधीच सांगून ठेवा.

ओढ्याकाठची माझी स्वतःची आठवण. जानेवारीतला रविवार, मॉरिशसमधल्याच ब्लॅक रिव्हरच्या डोंगरांखाली आम्ही डबे घेऊन गेलो होतो. लख्ख ऊन होतं, मुलं पाण्यात. आजी एकदम उठल्या आणि म्हणाल्या, “दिलो पे विनी, चला गो, उठा.” म्हणजे पाणी येतंय. मला काहीच दिसत नव्हतं. त्यांनी बोट दाखवलं तेव्हा कळलं की काचेसारखं पाणी चहाच्या रंगाचं झालं होतं आणि त्यावरून पानं, काटक्या जरा जास्तच येत होत्या. आम्ही सतरंजी तशीच टाकून वर चढलो. वीसेक मिनिटांत आम्ही बसलेला कातळ पाण्याखाली होता, आणि त्याआधी आवाज आला होता, दगडांवर दगड घासल्याचा. तुमची मुलं पाण्यात असतील तर एका मोठ्या माणसानं फोन खिशात ठेवून फक्त पाण्याचा रंग बघत बसावं. आणि चढायचं ते सरळ वर. ओढ्याच्या कडेकडेनं खाली पळत सुटायचं नाही.

बेताबद्दल एवढंच सांगते. रियुनियनमध्ये लाल इशारा म्हणजे कोणीही बाहेर पडायचं नाही, आणि जांभळा म्हणजे मदत पथकंसुद्धा बाहेर पडत नाहीत. बेलालच्या वेळी हा जांभळा लागला होता. डोंगरांच्या आतल्या माफात भागात मोटार जातच नाही, पायी किंवा हेलिकॉप्टरनं जावं लागतं, सासू-सासऱ्यांसोबत या मोसमात तो बेत सोडाच. डोंगरातल्या सिलाओस गावाला मात्र जरूर जा, वाट अवघड पण फार सुंदर आहे. तो एकच घाटरस्ता आहे आणि दरडी कोसळून बंद होतो, म्हणून सिलाओस सहलीच्या पहिल्या दिवसांत घ्या. परतीच्या विमानाआधीचे दोन दिवस किनाऱ्यावर काढा. सासऱ्यांची औषधं चार दिवसांची जास्त घ्या आणि ती हॉटेलवर न ठेवता जवळच्या पिशवीत ठेवा.