दुकान सोडायला लावू नका, वही लिहायला लावा

नमस्कार ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, संध्याकाळी मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानात बसतो, आणि आता म्हणतोय अमेरिकेत जाऊन स्वतःचा इअरफोनचा ब्रँड काढणार. तुम्ही म्हणताय आधी ते दुकान बंद कर. मला विचाराल तर उलटं करा, अमेरिका थोडी बाजूला ठेवा पण दुकान राहू द्या.

जॅक ट्रॅमिएल नावाचा माणूस होता, पोलंडमधल्या वूचचा, ज्यू. जन्म 1928. पोरवयात ऑशविट्झची छळछावणी बघितली, जिवंत सुटला आणि 1947 ला अमेरिकेत आला. तिथल्या सैन्यात टाइपरायटर दुरुस्त करायला शिकला, बाहेर पडल्यावर टॅक्सी चालवली, न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये टाइपरायटरचं दुकान टाकलं. पुढे कॉम्प्युटरसाठी गाजलेली कमोडोर कंपनी ती हीच! पुढे टोरांटोला गेला, कॅल्क्युलेटर विकायला लागला आणि तिथेच आपटला, कारण आतली चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची, आणि 70 च्या दशकात त्याच कंपनीने स्वतःचे कॅल्क्युलेटर इतके स्वस्त काढले की याला धंदा करणं मुश्किल झालं. कच्चा माल ज्याच्याकडून घेतो तोच समोर दुकान मांडून बसला की काय होणार सांगा. मग या गड्याने 1976 ला मॉस टेक्नॉलॉजी ही चिप बनवणारी कंपनीच विकत घेतली. 1982 ला कमोडोर 64 कॉम्प्युटर आला, 595 डॉलरला, पुढे किमती अजून पाडल्या आणि 1983 मध्ये टेक्सासवालेच घरगुती कॉम्प्युटरमधून बाहेर पडले. माणूस तसा गोड नव्हता हां, सप्लायर आणि डीलर लोकांना पार पिळायचा, ते शिकू नका म्हणावं. 1984 च्या जानेवारीत त्यालाही स्वतःच्याच कंपनीतून बाहेर पडावं लागलं.

हे सगळं मुलाला नक्की सांगा, पण ट्रॅमिएलचा अमेरिकेचा रस्ता आज तसाच्या तसा मिळत नाही. स्टुडंट व्हिसावर शिकता शिकता दुकान टाकता येत नाही आणि एच-वन-बी म्हणजे कंपनीच्या नोकरीला बांधलेला व्हिसा. त्यामुळे तिकडे गेलं की लगेच ब्रँड, हे डोक्यातून काढा. आधी डिप्लोमा चांगल्या टक्क्यांनी काढायचा, मग डायरेक्ट सेकंड इयरला डिग्रीला जायचं, अमेरिकेचं त्यानंतर बघू.

तोपर्यंत दुकानात बसतोच आहे तर एक काम द्या. दुकानात येणारा प्रत्येक इअरफोन उघडल्यावर वहीत लिहायचं, काय गेलंय, बॅटरी, चार्जिंगची पिन की स्पीकर, तो पार्ट कुठून मागवला, केवढ्याला पडला, आणि तो माणूस उद्या द्यायचा बंद झाला तर दुसरा कोण. शेवटचा रकाना बहुतेक रिकामाच राहील बघा. महिनाभर लिहू द्या आणि मग वहीचे फोटो मला पाठवा, त्यावरून बोलू.